"नाहीतर ठाकूर व्हाल": एक मेसेज, अकरा कवट्या आणि अंबडमधली एक शिफ्ट

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं प्रेस शॉप आहे, गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटेमोठे पार्ट आमच्याकडे दाबून निघतात. कंपनीचं नाव सांगत नाही आणि सांगून फरकही पडत नाही, अंबड-सातपूरला असे शेड ढिगाने आहेत. माणसं साठ-सत्तर. त्यातले अर्धे पंचवीस पंचवीस वर्षं इथेच काढलेले, बाकीचे आयटीआय करून आलेले ट्रेनी नाहीतर कॉन्ट्रॅक्टवाले, वय अठरा ते तेवीस. मध्ये काही वर्षं भरतीच झाली नाही त्यामुळे मधल्या वयाचं कोणी नाही, मी सोडून. मी एचआर बघते, म्हणजे हजेरी, पीएफ, कॅन्टीनच्या तक्रारी, गेटपास आणि कोणी कोणाशी बोलत नसेल तर तेही.

यातले चौघं: ए शिफ्टचे सुपरवायझर, वय छप्पन्न, मूळ निफाडकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. इन्स्पेक्शनच्या टेबलवर बसणारी ट्रेनी, सिडकोतली, वय वीस. तीन नंबर प्रेसवरचा ट्रेनी, त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, वय एकोणीस, चुंचाळ्यात रूम करून राहतो. आणि त्याचे मामा, जे या गोष्टीत फार उशिरा येतात पण काम तेच करून जातात.

झालं काय

शनिवारी अण्णांना एका प्रेसवर बटणाला पट्टी मारलेली सापडली. ज्यांनी प्रेस शॉप बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, मुद्दाम लांब लांब बसवलेली, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पत्रा दाबणारा साचा, खाली येतो. म्हणजे डाय खाली येताना दोन्ही हात बटणावर, एकही आत नाही. आता यात वेळ जातो, पार्ट ठेवा, हात बाहेर काढा, दोन्ही बटणं दाबा. म्हणून कोणीतरी हुशार माणूस एका बटणात लाकडाची चिप कोंबतो, वरून टेप लावतो, आणि मग एकाच हाताने काम सुरू. दुसरा हात मोकळा, आणि मोकळा हात कुठे जातो तर आत.

अण्णांनी रविवारी रात्री शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, जसंच्या तसं देते: "उद्यापासून कोणाच्या बटणाला पट्टी दिसली तर सरळ घरी. दोन्ही हात बटणावर. नाहीतर ठाकूर व्हाल."

हे वाक्य नवीन नाही. वीस वर्षं तरी अण्णा सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू करायच्या आधी सुरक्षेचं दोन मिनिटं सांगतात तेव्हा, हेच म्हणतात आणि जुने ऑपरेटर नवीन पोरांना हेच सांगत आलेत. शोलेतला ठाकूर, ज्याचे दोन्ही हात गब्बर तोडतो. प्रेसवरच्या माणसाला याहून चांगलं समजावणार कसं, एका शब्दात काम.

पाच मिनिटांत सिडकोतल्या पोरीने त्या मेसेजवर कवटीची रिअॅक्शन टाकली. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, रात्री झोपेपर्यंत अकरा कवट्या. एकाने खाली लिहिलं "अण्णा प्लस हजार ऑरा".

सोमवारी सकाळी तीन नंबर प्रेसवर कोणी नाही, पोरगा आलाच नाही, फोन बंद. आणि साडेसातला अण्णा माझ्या टेबलापुढे उभे, हातात फोन, चेहरा लाल. "मॅडम, मी यांच्या बोटांसाठी जीव तोडतोय आणि हे मला कवटी दाखवतात. आणि हजार कसले? कोणी कोणाकडून घेतलेत हजार?"

अण्णांनी काय वाचलं

अण्णांच्या घरी द्राक्षबाग आहे, भाऊ बघतो. द्राक्षवाल्याला कवटी कुठे भेटते तर औषधाच्या बाटलीवर. सगळ्यात जहाल कीटकनाशकाच्या लेबलवर लाल त्रिकोण, त्यात कवटी आणि दोन हाडं. पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण हे त्याच्याखालचे. लहानपणापासून घरात एकच शिकवण, कवटीवाल्या बाटलीला हात लावायचा नाही. आणि कारखान्यात आले तर तीच कवटी इलेक्ट्रिक पॅनलवर, सावधान ४४० व्होल्ट. म्हणजे अण्णांच्या आयुष्यात कवटीचा एकच अर्थ होता आणि तो कधी चुकीचा निघाला नाही. अशा माणसाच्या मेसेजखाली, तोही बोटं वाचवायचा मेसेज, अकरा कवट्या. त्यांना वाटलं पोरं म्हणतायत मर तू, नाहीतर म्हणतायत आम्ही मेलो तरी तुझं काय जातं. दोन्हीपैकी काहीही धरलं तरी झोप लागणार नाही.

आधी अशी भानगड होतही नव्हती. मे २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपवर रिअॅक्शन आल्या तेव्हा फक्त सहा होत्या, अंगठा, बदाम, हसणारा, आश्चर्यवाला, रडणारा आणि नमस्कार. त्या सहांत भांडण लागणं अवघड होतं. जुलैमध्ये त्यांनी कुठलाही इमोजी खुला केला आणि मग कवटीपासून खेकड्यापर्यंत सगळं लोकांच्या मेसेजखाली यायला लागलं.

पोरीने काय वाचलं

तिला मी चहाच्या सुट्टीत गाठलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "मॅडम कवटी म्हणजे हसून मेले. अण्णांनी ग्रुपवर पहिल्यांदा जोक मारला ना, मला एवढं हसू आलं, मी आईला पण दाखवलं."

म्हणजे ती शाबासकी होती! आणि बघायला गेलं तर यात परकं काहीच नाही, हसून हसून मेलो आपण पिढ्यान्पिढ्या म्हणतोय, पोरांनी फक्त त्याचं चित्र केलं. ऑरा म्हणजे वट, हजाराने वट वाढली, पैशाचा संबंध नाही. हसून डोळ्यांतून पाणी येणारा तो पिवळा चेहरा, जो ऑक्सफर्डवाल्यांनी २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता, तो आता या पोरांना काकालोकांचा वाटतो, मनापासून हसू आलं तर कवटीच.

मी विचारलं तुला ठाकूर कोण ते माहितीये का. म्हणाली हो, ते हात दे दे वालं स्टिकर आहे ना. पिक्चर बघितलाय का, तर नाही. म्हणजे १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला पिक्चर पन्नास वर्षांनी या पोरीपर्यंत एका स्टिकरच्या आकारात पोचला, पण जोक कळायला तेवढं पुरलं.

तीन नंबरवाल्याने काय वाचलं

इथे प्रकरण वेगळंच निघालं आणि मी म्हणेन खरं प्रकरण हेच.

दुपारी फोन लागला. पोरगा पाड्यावर निघून गेला होता. बराच वेळ नुसतं "काही नाही मॅडम, बरं नाही" चाललं आणि मग एकदम म्हणाला, "मॅडम, मी ठाकूरच आहे. ठाकूर व्हाल म्हणजे काय?"

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात ठाकूर म्हणलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो तो ठाकूर समाज, आदिवासी, अनुसूचित जमातीच्या यादीत असलेला. शोले तिथे दुसऱ्या नंबरला, किंवा या पोराच्या बाबतीत कुठल्याच नंबरला नाही. आता तो मेसेज त्याच्या डोळ्यांनी वाचा. नीट काम करा नाहीतर ठाकूर व्हाल. म्हणजे ठाकूर होणं ही शिक्षा. आणि खाली अकरा जण कवट्या टाकतायत, म्हणजे एकतर ठाकूर मेले पाहिजेत म्हणतायत नाहीतर सगळे मिळून दात काढतायत. रात्रभर तो मोजत बसला होता कवट्या कोणाकोणाच्या आहेत, रिअॅक्शनवर बोट ठेवलं की नावं दिसतात.

सकाळच्या टूलबॉक्स टॉकला हेच वाक्य त्याने ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. पण सकाळी अण्णा ते सगळ्यांना घाईघाईत म्हणायचे, शेजारी प्रेस चालू, कानात खडखडाट, त्याला वाटायचं आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. लिहून आलं तेव्हा पळवाट राहिली नाही.

संध्याकाळी मामांचा फोन. शांत आवाज, पण पहिल्याच वाक्यात म्हणाले हे अॅट्रॉसिटीत बसतं, तुम्हाला माहिती असेल. त्यांची धमकी नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्या मेसेजकडे बघून वाटायला जागा होती.

मालकांनी काय केलं, मी काय केलं

मालक घाबरले. त्यांचं पहिलं वाक्य, "अण्णांना सांगा आत्ताच्या आत्ता मेसेज डिलीट करा." सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात, म्हणजे वेळ होती. मी नको म्हणलं. डिलीट केलं की तिथे हटवल्याची ओळ उरते, आणि ती ओळ बोंबलून सांगते की इथे काहीतरी होतं. शिवाय स्क्रीनशॉट पाड्यावर कधीच पोचला होता.

मालकांचं दुसरं वाक्य, ग्रुपवर इमोजी बंद करा. त्यांच्या सीएने त्यांना कॅनडातली केस ऐकवली होती, २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने एका शेतकऱ्याने मेसेजवर पाठवलेला अंगठा करार मान्य केल्यासारखाच धरला आणि जवसाचा माल दिला नाही म्हणून भरपाई भरायला लावली. केस खरी आहे. पण आमच्याकडे रोज शंभर अंगठे अण्णाच टाकतात, बंदी घातली तर पहिले तेच सापडणार.

मी अण्णांना फक्त पोराचं वाक्य सांगितलं, माझ्याकडून एक शब्दही जोडला नाही. अण्णा खुर्चीत बसले. नंतर म्हणाले, "मी तर पिक्चरचं बोलत होतो." मी म्हणलं अण्णा, ते मला कळलं, त्याला कळायला त्याने पिक्चर बघितलेला पाहिजे ना. त्यावर ते जे बोलले त्यात चीड कमी आणि धक्का जास्त होता, "शोले बघितला नाही असा माणूस असतो?"

असतो. अण्णांच्या पिढीला ही शंकाच येत नाही कारण त्यांना एकच नळ होता, सगळे त्याचंच पाणी प्यायले. शोले एकदा लागून गेला असं झालंच नाही, परत परत लागायचा, डायलॉगच्या रेकॉर्डी निघाल्या, त्या गणपतीत मांडवात वाजायच्या, बघितला नसेल त्यालाही पाठ. दूरदर्शन एकच. १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे ही गोष्ट त्या वयाचा प्रत्येक माणूस सांगतो. १९९२ ला झी आलं तरी घरात टीव्ही एकच होता आणि रिमोट वडलांकडे. या पोरांचं तसं नाही. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं तेव्हा ही दहा-बारा वर्षांची होती, जून २०२० ला टिकटॉक बंद झालं आणि लगेच जुलैत इन्स्टावर रील्स आल्या, प्रत्येकाच्या हातात वेगळा फोन आणि त्यात वेगळंच जग.

आणि म्हणूनच मला "जुनी पिढी नवी पिढी" हे लेबल या प्रकरणाला पुरत नाही असं वाटतं. तीन नंबरवाला आणि सिडकोची पोरगी यांच्या वयात एक वर्षाचं अंतर. तिच्या फोनमध्ये कोरियन सिरीयली आणि मीम पेजेस, त्याच्या फोनमध्ये कबड्डी, अहिराणी गाणी आणि ट्रॅक्टरच्या रील. कवटी म्हणजे हसणं हे त्यालाही माहिती नव्हतं! त्यानेही अण्णांसारखीच कवटी म्हणजे मरण वाचलं. कवटीच्या बाबतीत एकोणीसचा पोरगा आणि छप्पन्नचे अण्णा एका बाजूला, आणि ठाकूरच्या बाबतीत वीसची पोरगी आणि अण्णा एका बाजूला. मांडा आता पिढ्यांचा तक्ता.

(जाता जाता, भारतीय सिनेमाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, त्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, आमच्या गेटपासून गाडीवर दहा मिनिटं. आणि आमच्याकडे भांडण कशावरून लागलं तर एका सिनेमावरून.)

कॅन्टीनमधली बैठक

बुधवारी मामा पोराला घेऊन आले. मालक केबिनमध्ये बसा म्हणत होते, मी कॅन्टीन निवडलं, केबिनमध्ये बसलं की चौकशी वाटते. अण्णांनी आधी हात जोडले, मनात तसं नव्हतं म्हणाले. पोरगा खाली बघत बसला. मामांनी मान हलवली पण चेहरा तसाच. मनात नव्हतं हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल.

मग अण्णा उठले आणि जे केलं ते मी काय, वीस वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी युनिफॉर्मच्या शर्टाच्या बाह्यांतून दोन्ही हात आत ओढून घेतले, बाह्या लोंबत्या ठेवल्या, आणि कॅन्टीनच्या मधोमध उभं राहून एक पाय जोरात आपटला. "हा ठाकूर. खिळ्याच्या बुटांनी मारतो, कारण हात नाहीत. मला हा म्हणायचा होता."

पोराचा चेहरा कोरा. पण मामा हसले. मामा पंचेचाळीशीचे, व्हिडिओवर गावात भाड्याने आणून बघितलेला त्यांनी, त्यांनी पोराच्या मांडीवर थाप मारली आणि त्यांच्या बोलीत भराभर सांगायला लागले, गब्बर कोण, हात का तोडले, शेवटी काय होतं. पाच मिनिटं ते आणि अण्णा दोघंच बोलत होते, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता, आणि पोरगा एकदा याच्याकडे एकदा त्याच्याकडे बघत होता. माझ्या कुठल्याच एचआर ट्रेनिंगने हे केलं नसतं, ते मामांनी केलं.

आणि शेवटी मामांनीच टोचलंही. "अण्णा, तुम्ही चांगले माणूस आहात. पण आमच्याकडे ठाकूर म्हणलं की आधी आम्ही, मग तुमचा पिक्चर. पोराला कोणी सांगायचं कुठला ठाकूर?" अण्णा काही बोलले नाहीत. बरं केलं.

पोरीला बोलावलं तेव्हा तिचं तोंड उतरलं, तिला या बाजूची कल्पनाच नव्हती. तिने पोराला समोरासमोर सॉरी म्हणलं नाही, रात्री इन्स्टावर मेसेज टाकला. तो म्हणाला चालेल. त्यांच्यात तसंच चालत असेल.

नंतर

मालकांना कुठूनतरी एक ट्रेनर मिळाला होता, "जेन झी समजून घ्या" म्हणून अर्धा दिवस, स्लाइडवर शब्द आणि अर्थ. मी अडवलं. वर्षाचा शब्द म्हणून ऑक्सफर्डने २०२३ ला रिझ निवडला, म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची कला, २०२४ ला ब्रेन रॉट, म्हणजे फालतू रील बघून डोकं सडणं, आणि २०२५ ला डिक्शनरी डॉट कॉमने तर ६७ हा आकडाच निवडला. अण्णांनी ते पाठ करेपर्यंत पोरं पुढे गेलेली असतात, आणि काकांच्या तोंडून रिझ ऐकलं की तो शब्द तिथेच मरतो. त्या ६७ चा तर आमच्याकडे प्रत्यक्ष प्रयोग झाला. अण्णा बिनमधले पार्ट मोजून म्हणाले सदुसष्ट. ट्रेनी म्हणाला सदुसष्ट म्हणजे? अण्णा वैतागून म्हणाले सिक्स्टी सेवन रे. आणि सगळी पोरं दोन्ही तळवे वरखाली करत सिक्स सेवन सिक्स सेवन करायला लागली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हणलं याला अर्थच नाहीये अण्णा, असंच करतात. "अर्थ नाही तर हसतात कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पोरांकडेही नाही.

आम्ही ठरवलं ते एवढंच, ग्रुपवर सूचना लिहायची तर आधी सरळ लिहायचं काय करायचं आणि नाही केलं तर काय होईल. प्रेसजवळ बोर्ड लावला: दोन्ही हात बटणावर, आत हात राहिला तर बोटं तुटतात. अण्णांनी वाचून तोंड वाकडं केलं, "याला काही चव आहे का?" आणि त्यांचं बरोबर आहे. जुन्या वाक्याने वीस वर्षं काम केलं ते चवीमुळेच, बोर्ड कोणी वाचत नाही, ठाकूर लक्षात राहायचा. म्हणून तोंडी बोलताना त्यांना मी अडवलं नाही, फक्त ठाकूर हे नाव गेलं. आता टूलबॉक्स टॉकला बाह्यांतून हात आत ओढून दाखवतात. पोरं हसतात, पण बघतात. ज्याने शोले बघितला नाही त्यालाही लोंबती बाही कळते.

ग्रुपवर मात्र अण्णांनी टाइप करणं सोडलं, व्हॉइस नोट पाठवतात, दोन दोन मिनिटांच्या. कोणी ऐकत नाही. ती पोरगी ऐकून खाली एका ओळीत लिहून देते, तिचं तिनेच सुरू केलंय.

तीन नंबरवाला आठवड्याने परत आला पण प्रेसवर नको म्हणाला, टूल रूममध्ये द्या. दिलं. अण्णांनीच सही केली. तो अण्णांशी बोलतो, कामापुरतं.

आणि पट्टीचं म्हणाल तर ती बंद झाली, पण मेसेजने नाही आणि बोर्डाने नाही. मेंटेनन्सवाल्यांनी जुना रिले काढून नवीन बसवला, तो दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली का हे बघतो आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली का हेही बघतो, एक बटण कायमचं दाबून ठेवलं तर प्रेस हलतच नाही. हा खर्च खूप दिवस अडकला होता, अॅट्रॉसिटीचं नाव निघाल्यावर तीन दिवसांत मंजूर झाला. पट्टी कोणी मारली ते अजून कोणी सांगितलेलं नाही. का मारली ते मात्र सगळ्यांना माहिती आहे, शिफ्टचं टार्गेट दोन हातांनी दाबत बसलं तर पुरं होत नाही. ते टार्गेट कमी करा असं मी मालकांना लेखी दिलंय, त्यावर त्यांनी अंगठा टाकलाय.